एकच ईआरपी की आधी एकच कोड?

कुपवाडकर: आमचा कुपवाड एमआयडीसीत पंपाच्या पार्टचा कारखाना. हिशेब टॅलीत, स्टोअर एक्सेलमध्ये, प्रॉडक्शन सुपरवायझरच्या वहीत. धाकट्या मालकांनी ठरवलंय, एप्रिलपासून सगळं एका ईआरपीत, म्हणजे हिशेब, स्टोअर, प्रॉडक्शन एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरात. माझं मत, एवढ्यात नको; आधी प्रत्येक मालाला एकच कोड लावा. एकच कास्टिंग (फाउंड्रीत ओतलेला भाग) स्टोअरमध्ये ‘बॉडी ४ इंची’, खरेदीत पॅटर्नच्या (साच्याच्या) नंबरने आणि बिलावर ‘१०० एमएम हाउसिंग’. तिन्ही एकच, हे फक्त स्टोअरच्या मामांना ठाऊक. मामा रजेवर गेले की आम्ही आंधळे. हा घोळ तसाच आत भरला तर स्क्रीनवर तीन माल, रॅकवर एक.

मिरज प्लांट: साफ चूक. ‘आधी कोड, मग सिस्टिम’ म्हणत आमची चार वर्षं गेली. सिस्टिम मानेवर बसल्याशिवाय कोड लावायला कुणी बसत नाही. उलाढाल ५ कोटींवर असेल तर ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, आहेच. सिस्टिम एक नसेल तर डिस्पॅचवाला आकडे फोनवर सांगणार, अकाउंट्सवाला पुन्हा टाइप करणार, गाडी गेटवर उभी. नग चुकले आणि २४ तास उलटले की इनव्हॉइस रद्दही होत नाही, क्रेडिट नोट काढत बसा.

कुपवाडकर: मान्य. पण डेमोची गंमत ऐका. फाउंड्रीचं बिल किलोवर, आमचं स्टोअर नगावर. सॉफ्टवेअरवाल्या पोराने एकक नीट बघितलंच नाही. रॅकवर ८६ बॉड्या, स्क्रीनवर १,०३२! बारा किलोची एक. अख्ख्या सांगलीला पाणी पाजलं असतं.

मिरज प्लांट: तो सिस्टिमचा दोष नव्हे. खरेदीचं एकक किलो, स्टॉकचं नग, मध्ये रूपांतर. बऱ्याच ईआरपीत असतं हे.

कुपवाडकर: कास्टिंग कधी ११.८ किलो, कधी १२.३. फरक कुणाच्या नावावर टाकू? आणि मशिनिंगला लावल्यावर ब्लोहोल (ओतकामात राहिलेली पोकळी) निघाला तर तो नग फाउंड्रीला परत. त्याची नोंद आज वहीत तरी होते.

सेकंड शिफ्ट: ओ साहेब, आम्हाला विचारलं का कुणी? आठ मशीनमागं एक कॉम्प्युटर, तोबी ऑफिसात. हाताला कूलंट, एंट्री कवा करायची? शेवटी शिफ्ट सुटताना सगळं अंदाजानंच भरत्यात.

हिशेबनीस: हे सगळ्यात खरं. तरी एक सांगते, प्लेटिंगला गेलेला माल वर्षात परत आला नाही तर जीएसटीत तो पाठवला त्या दिवसापासून पुरवठा धरतात. गेल्या मार्चमध्ये आमचं एक चलन असंच फायलीत चिकटलेलं सापडलं, अकरा महिन्यांचं. टॅली राहू द्या हवं तर, पण जॉबवर्क (बाहेर करायला दिलेलं काम) आणि गेटची आवक आधी जोडा.

कुपवाडकर: तेवढ्याला माझी ना नाही. टॅली काढायला मात्र विरोधच. मिरजवाले, एकक बदलताना जुन्या स्टॉकचं काय केलंत, मोजलात की तोलून घेतलात?

मिरज प्लांट: मोजला. दोन रविवार गेले. आणि आकडा जुळला नाहीच.