दोन सेफ्टी व्हॉल्व्ह असलेल्या दाबपात्रावर चावीचे इंटरलॉक बसवावे का?

देखभाल विभाग, वाळूज
नमस्कार. आमच्याकडे नायट्रोजनच्या एका दाबपात्रावर (दाबाखालच्या टाकीवर) दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब जास्त झाला की आपोआप उघडून तो बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह आहेत, एक चालू आणि एक राखीव. एक तपासणीसाठी काढताना उत्पादन थांबू नये म्हणून दोन्हींच्या खाली बंद करता येणारे व्हॉल्व्ह दिले आहेत. सध्या सगळी भिस्त साखळी-कुलूप, पाटी आणि परमिटवर (कामाच्या लेखी परवान्यावर) आहे. पाळी बदलताना कुणी चुकून दोन्ही बंद केले, तर दाबाला बाहेर पडायला वाटच उरणार नाही. चावीच्या इंटरलॉकने, म्हणजे एक व्हॉल्व्ह ठरलेल्या स्थितीत आल्यावरच पुढच्याची चावी सोडणाऱ्या कुलपांनी, हा धोका खरोखर टळतो का?

निवृत्त अभियंता, छत्रपती संभाजीनगर
हा विशिष्ट धोका टळतो. कंट्रोल रूममधली चावी फक्त राखीव बाजूच्या व्हॉल्व्हच्या कुलपात बसते. तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर ती चावी तिथेच अडकते आणि दुसरी सुटते. या दुसऱ्या चावीनेच चालू बाजूचे हँडव्हील मोकळे होते, आणि ती बाजू पूर्ण बंद झाली की तिसरी चावी निघते, जी कंट्रोल रूममध्ये परत जमा करायची. अर्धवट फिरवलेल्या व्हॉल्व्हमधून पुढची चावी निघतच नाही, त्यामुळे एक वाट उघडल्याशिवाय दुसरी बंद करता येत नाही.

केवळ कागदावर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे नुसते झाकण बसवलेले होते. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही, पंप चालू करण्यात आला आणि त्या दुर्घटनेत १६७ माणसे गेली.

साखर कारखाना, लातूर जिल्हा
वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक मर्यादा ध्यानात ठेवावी. इंटरलॉक क्रम पाळायला लावते. आत दाब उरलेला नाही, याची खात्री ते देत नाही. सीट (व्हॉल्व्हची झडप जिथे टेकून बंद होते ती बैठक) झिजलेली असेल तर पूर्ण बंद केलेला व्हॉल्व्हही आतून गळतो, आणि बंद व्हॉल्व्ह व सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामधल्या तुकड्यात दाब अडकून राहतो. तिथे व्हेंट (अडकलेला दाब सोडायची छोटी वाट) हवाच, आणि बोल्ट सैल करण्यापूर्वी तो उघडून पाहावा. गेजच्या काट्यावर भरवसा ठेवू नये. आमच्या ज्यूस हीटरवर गेजची बारीक नळी चोंदते, आणि आत दाब असूनही काटा शून्यावर दिसतो. नायट्रोजनचा व्हेंट बंदिस्त खोलीत सोडू नये, माणूस कळायच्या आत गुदमरतो.

तुमची रचना दाबपात्रासाठी आहे म्हणून ठीक. बॉयलर आणि त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्ये बंद करता येणारा व्हॉल्व्ह बसवायचाच नसतो, तिथे हा विचार करू नये.

देखभाल विभाग, वाळूज
दोघांचेही आभार. जादा चाव्या कुणाकडे ठेवाव्यात?

निवृत्त अभियंता, छत्रपती संभाजीनगर
फिटरच्या खिशात किंवा स्टोअरच्या खिळ्यावर मुळीच नकोत. प्रत्येक चावीवर कोड कोरलेला असतो. त्या कोडची नोंद ठेवून जादा संच विभागप्रमुखांकडे सीलबंद असावा, आणि तो उघडल्यास कारण व वेळ लिहून सही घ्यावी. जादा चावी सहज हाती लागली, तर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी बंद करता येतात.