तंजावर अर्ध्या दिवसात उरकू नका

दख्खनी_पाय

दक्षिणेच्या बहुतेक सहलींमध्ये तंजावरच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. सकाळी त्रिचीहून निघायचं, बृहदीश्वराचं दर्शन, फोटो, जेवण, आणि रात्रीपर्यंत मदुराई गाठायची. माझं स्पष्ट मत आहे की निदान मराठी माणसाने तरी हे करू नये. दोन रात्री मुक्काम करा आणि त्यातला एक अख्खा दिवस राजवाडा आणि तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाला द्या.

विजापूरच्या वतीने तिकडे गेलेल्या व्यंकोजीराजांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतलं. तिथून १८५५पर्यंत भोसल्यांची गादी तिथे होती. आपली शाळेतली पुस्तकं मात्र १६७७च्या शिवाजी-व्यंकोजी भेटीपाशी थांबतात. पुढे काय झालं ते विचारा कुणालाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४ ते १७१२) मराठीत नाटकं लिहीत होते. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिला प्रयोग केला त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट! दुसऱ्या सरफोजींनी १८०५च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. हे सगळं ज्या वाड्यात घडलं त्याच्या दारावरून बस पुढे जाते आणि आतल्या माणसांना कुणी सांगतही नाही, याचा मला खरोखर त्रास होतो.

चोळमंडल

अर्धा दिवस कमी पडतो, एवढंच मान्य. वाढवलेला वेळ राजवाड्याला का द्यायचा, हे मात्र पटत नाही.

राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेलं मंदिर समोर उभं आहे. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साधारण ६६ मीटर उंच, सगळं ग्रॅनाइटचं, आणि तेही कावेरीच्या गाळाच्या मुलखात, जिथे दगड मिळतच नाही. सगळा बाहेरून आणलेला. भिंतींवरचे लेख तर वाचत बसावे असे आहेत. राजाने काय दिलं, त्याची बहीण कुंदवै हिने काय दिलं, मंदिराच्या सेवेतल्या ४०० नर्तकींची नावं, कोणती कुठल्या गल्लीत कितव्या घरात राहते ते सुद्धा. हजार वर्षांपूर्वीच्या नोकरदार बायकांचे पत्ते दगडावर! हे सोडून पडझड झालेल्या दालनांत दिवस घालवायचा? राजवाड्यात खरोखर डोळे दिपतात ते कलादालनातल्या कांस्यमूर्तींनी, आणि त्यांतल्या सर्वांत देखण्या चोळांच्याच आहेत.

माझा सल्ला: मंदिर सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी कुंभकोणमजवळचं दारासुरमचं चोळकालीन मंदिर. राजवाडा तासाभरात होतो.

दख्खनी_पाय

@चोळमंडल, लेखांबद्दल म्हणालात ते बरोबरच आहे. पण त्याच मंदिराच्या आवारात, नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास आहे. मराठीत, आणि एवढा मोठा की वाचत वाचत भिंतीच्या कडेने चालावं लागतं. तमिळनाडूत, अनवाणी पायांनी उभं राहून, दगडावरच्या ओळीवर बोट फिरवत आपण अडखळत का होईना मराठी वाचतो, तेव्हा अंगावर काटा येतो. आमच्या शेजारी एक कुटुंब त्याच भिंतीला टेकून सावलीत बसलं होतं. नाशिककडचं. पाठीमागे काय आहे हे त्यांच्या वाटाड्याने सांगितलंच नव्हतं. माझी तक्रार आहे ती ही.

खडा_सवाल

थोडं थंड डोक्याने बघू. १७९९च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार कंपनीच्या हाती दिला. उरला तो किल्ला, मानमरातब आणि वार्षिक तनखा. नेपोलियनचा पराभव झाला म्हणून इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ समुद्रकाठी 'मनोरा' बांधणारे राजे ते हेच. त्यांना 'मराठी सत्तेचा दक्षिणेतला झेंडा' म्हणून डोक्यावर घ्यायचं हे मला मान्य नाही. ग्रंथ जमवले, चांगलं केलं. पण रयतेचा सारा तोवर कंपनी गोळा करत होती, आणि वाड्यातलं वैभव त्यातूनच मिळालेल्या हिश्शावर उभं होतं. वाडा बघायचा तर हे सगळं मनात ठेवून बघा.

नेत्रपल्लवी

@खडा_सवाल, तहाबद्दल वाद नाही. पण हातातून राज्य गेलेल्या माणसाने उरलेल्या पैशात काय केलं, हे बघायला नको का? इतरांनी काय केलं तेही आपल्याला माहीत आहे.

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. सरफोजींच्या धन्वंतरी महाल या दवाखान्यातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि सोबतची डोळ्यांची रंगीत चित्रं हे माझ्या तंजावरला जाण्याचं एकमेव कारण होतं. रुग्णाची तक्रार काय, उपचार काय केले, पुढे काय झालं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला! आजही सगळीकडे एवढ्या नीट नोंदी ठेवल्या जात नाहीत, हे मी रोज बघते. सरस्वती महालाचं संग्रहालय लहान आहे, पण त्यात ल ब्रुन या फ्रेंच चित्रकाराची माणसांचे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून काढलेली चित्रंही आहेत. घुबडासारखे डोळे असलेला माणूस बघून माझी मुलगी तिथून हलेना. तासाभरात होतं म्हणणाऱ्यांनी हे बघितलं असेल असं वाटत नाही.

संथ_चाल

सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांचाही विचार करा. दोन रात्री म्हणजे खर्च वाढतो, रामेश्वर गळतं, आणि आईला रामेश्वरच हवं असतं. दुपारी मंदिर बंद, चारच्या सुमारास उघडतं, तोवर आवारातला दगड तापलेला. आम्ही अर्धा दिवस गेलो आणि समाधानाने परत आलो. प्रत्येकाने इतिहास शोधायलाच प्रवास करावा हा हट्ट मला पटत नाही.

कावेरीकाठी

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, आता चेन्नईत. घरी आम्ही आमची मराठी बोलतो, बाहेर तमिळ. म्हणून दोन्ही बाजूंना थोडं सांगते.

महाराष्ट्रातून येणारे पाहुणे वाड्यात शिरले की 'आपलं राज्य' म्हणतात. प्रेम कळतं, पण त्यात खूप काही सुटतं. ज्या शहाजीराजांच्या मराठी नाटकांचा वर उल्लेख आला, त्यांनी तेलुगूतही भरपूर लिहिलं. वाडा मूळ नायकांचा. ग्रंथालयही त्यांच्या काळापासूनचं, सरफोजींनी ते वाढवलं. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू या भावांनी आजच्या भरतनाट्यमचा क्रम बसवला, तो याच दरबाराच्या आश्रयाने. मराठी कीर्तनाचा रंग तमिळ हरिकथेत उतरला तो इथेच. मिसळलेलं आहे सगळं, आणि त्यातलं फक्त मराठी वेगळं काढून दाखवा म्हटलं तर आम्हालाही जमणार नाही.

आणि कृपा करून सांबार संभाजीराजांच्या नावावरून आला ही गोष्ट पुढे पाठवू नका. तिला कागदोपत्री आधार नाही. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही हेही खोटं आहे, संध्याकाळी जाऊन बघा, पडते.

@चोळमंडल, भोसल्यांचे वंशज आजही ८८ देवस्थानांचे परंपरागत विश्वस्त आहेत, त्यात तुमचं मोठं मंदिरही आलं. चोळ एकीकडे आणि मराठे दुसरीकडे अशी वाटणी गावात कुणी करत नाही.

चोळमंडल

@कावेरीकाठी, विश्वस्तांबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. @नेत्रपल्लवी, नोंदींसाठी राजवाड्याला अर्धा दिवस देईन. त्याहून जास्त नाही. दारासुरमच्या मंडपाला रथाची चाकं आणि उधळलेले घोडे कोरलेत, आणि खांबांवरचं काम इतकं बारीक की वीतभर दगडात आख्खा प्रसंग मावतो. दोनच दिवस असतील तर ते वगळायला मी कुणालाही सांगणार नाही. @संथ_चाल, कुंभकोणमला मुक्काम केलात तर तिथून दारासुरम अगदी जवळ आहे, आईंना फार चालावं लागणार नाही. रामेश्वरही गळणार नाही.