मदत हवी: ३११ चा अर्ज फेटाळला, ३१९ चा मंजूर. रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडून आदेशाची फेरतपासणी) कशाविरुद्ध चालेल?

नवखा_वकील (शिवाजीनगर)
प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर ४२०, ४६८ चा (फसवणूक आणि त्यासाठी बनावट कागद) जुना खटला, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखालीच चालू आहे. एकाच दिवशी दोन आदेश झाले. निशाणी (नोंद क्रमांक) ४५: फिर्यादीला फेरउलटतपासासाठी बोलवा, हा आरोपीचा ३११ चा अर्ज नामंजूर. निशाणी ४८: सरकार पक्षाचा ३१९ चा (पुराव्यात नाव आलेल्याला आरोपी करण्याचा) अर्ज मंजूर, आरोपीच्या भावाला समन्स. सत्र न्यायालयात दोन्हींविरुद्ध एकच रिव्हिजन टाकली तर चालेल का? तारीख तीन आठवड्यांनी आहे.

फौजदारी_बाजू
एकच नको. निशाणी ४८ च्या आदेशाने बाधित झालाय भाऊ, ४५ च्या आदेशाने मूळ आरोपी. शिवाय दोन आदेशांची जात वेगळी.

जुन्या संहितेचं ३९७(२), म्हणजे नव्या संहितेतलं ४३८(२), अंतरिम (खटल्यातल्या मधल्या, तात्पुरत्या) आदेशाविरुद्धची रिव्हिजन अडवतं. पण निकालाआधीचा प्रत्येक आदेश अंतरिम नसतो. मधु लिमये (१९७७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून कसोटी ठरलेली आहे: तुमची हरकत मान्य झाली असती तर कारवाई तिथेच संपली असती का? भावाच्या बाबतीत संपली असती, म्हणून ४८ वर रिव्हिजन चालते. आरोपनिश्चितीचा आदेशही याच, ना अंतरिम ना अंतिम अशा मधल्या वर्गात बसतो. ४५ चा अर्ज मंजूर झाला असता तरी खटला पुढे चाललाच असता. सेतुरामन वि. राजमाणिकम (२००९) नेमकं हेच सांगतं: ३११ चा आदेश अंतरिम आणि कागदपत्रं मागवण्याचा ९१ चाही अंतरिमच.

रिव्हिजनमध्ये जोर हरदीप सिंग (२०१४) वर द्या. ३१९ साठी आरोप ठेवण्यापुरत्या प्रथमदर्शनी पुराव्यापेक्षा भक्कम पुरावा लागतो. कोणत्या साक्षीदाराने भावाबद्दल नेमकं काय सांगितलं ते जबानीच्या परिच्छेद क्रमांकासह मांडा. नुसतं 'नाव घेतलं' यावर आदेश झाला असेल तर तोच मुद्दा.

मुदत ९० दिवस, नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळून. नक्कल अर्जात दोन्ही आदेश, मूळ अर्ज, समोरच्याचं म्हणणं, जबान्या आणि रोजनामा (तारखेवार कामकाजाची नोंद) एकदमच मागा. रोजनामा बहुतेक जण विसरतात आणि नेमकी उलटतपासाची संधी कधी बंद झाली ते त्यातच असतं.

कोर्टकचेरी_पुणे
सत्र की उच्च न्यायालय हे आधीच ठरवा. एकाच पक्षकाराला रिव्हिजन एकाच ठिकाणी मिळते, ३९७(३) दुसरी अडवतं.

४५ साठी उरतो उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांखालचा ४८२ (नवीन ५२८) चा अर्ज. तोही मुंबईतच, कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं खरं, पण त्याच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही. 'आधीच्या वकिलांनी नीट विचारलं नाही' एवढ्यावर जाऊ नका, शिवकुमार यादव (२०१५) हा निकाल आडवा येतो. कोणते प्रश्न राहिले, कोणत्या कागदावर आणि ते तेव्हा का विचारता आले नाहीत, हे ३११ च्या मूळ अर्जातच असायला हवं होतं. नसेल तर खर्च वाया, असं माझं मत.

नवखा_वकील
मूळ अर्जात 'न्यायाच्या हितासाठी' एवढंच आहे. मग ४५ सोडूनच द्यायचा? आणि रिव्हिजन दाखल झाली की खटला थांबतो ना?

फौजदारी_बाजू
थांबत नाही. रिव्हिजनसोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्या आणि तारखेच्या आत त्यावर आदेश घ्या. दाखल केल्याची पर्सिस (लेखी निवेदन) खालच्या कोर्टात दिलीत तर फार तर एखादी तारीख मिळेल. स्थगिती मिळाली तर ती सहा महिन्यांनी आपोआप उठत नाही. एशियन रिसरफेसिंग या आधीच्या निकालातला तो नियम घटनापीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केला.

४५ बाबत मी वरच्यांशी सहमत, मुंबईला जाऊ नका. मुद्दा अपिलासाठी जिवंत ठेवा. ४६५(२) खाली पुढे विचारतील की हरकत वेळेत घेतली होती का, म्हणून लेखी युक्तिवादात राहिलेले प्रश्न आणि निशाणी ४५ चा उल्लेख येऊ द्या.

आणि एक. ३१९(४) प्रमाणे भावापुरते साक्षीदार नव्याने तपासावे लागतात. रिव्हिजन फेटाळली गेली तर फिर्यादी पुन्हा पिंजऱ्यात येणारच आहे. त्याची नवी जबानी जुनीशी ताडून पाहा. तफावत निघाली तर आरोपीसाठी नवा ३११ त्यावर टाका, या वेळी प्रश्नांसकट.