तेराव्या वर्षी कुत्र्याचे मागचे पाय लटपटतात: कारण शोधायचं की नुसतं दुखणं थांबवायचं?

अंगणवेल:
आमचा बंड्या, काळा लॅब्रॅडोर. बारा पूर्ण होऊन तेरावं लागलंय, वजन ३६ किलो. गणपतीनंतर त्याचे मागचे पाय लटपटायला लागले. पहाटे उठताना पुढचे पाय टेकवून जोर लावतो, पण मागचे टाइल्सवर दोन बाजूंना फाकत जातात. दोन-तीनदा धडपडतो आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. कमरेवर हात ठेवला की कण्हतो आणि मान वळवून माझाच हात चाटतो.

एक्स-रेत खुब्याची थोडी झीज दिसली, रक्त तपासून 'रक्त ठीक' म्हणाले, बाकी काही नाही. दोन डॉक्टर म्हणाले, वय झालं. तिसऱ्यांनी एमआरआय सुचवला, तोही पूर्ण भूल देऊन. सासरे म्हणतात, मुक्या जिवाचे हाल करू नका. मला ते पटत नाही. वय हा काही आजार नव्हे. त्याला दुखतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलंय, आणि ते शोधायलाच हवं. तुम्ही काय केलं असतं?

नाशिककर:
ताई, मी तुमच्या सासऱ्यांच्या बाजूने. स्वतःला एकच विचारा: एमआरआयमध्ये मणक्यात काही निघालं तर या वयात ऑपरेशन करणार आहात का? नसाल तर तो रिपोर्ट घेऊन काय करायचं? आमच्या जर्मन शेफर्डला आम्ही दीड महिना या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेलं. गाडीत चढवताना तो थरथरायचा. त्याचे ते दिवस आम्ही आमच्या समाधानासाठी खर्च केले, ही बोच अजून आहे. दुखणं थांबवा, वजन उतरवा, त्याला घरी शांत राहू द्या.

मृदुला_प:
नाशिककर, तुमचं दुःख समजतं, पण सल्ला पटला नाही. एकीकडे एमआरआय आणि दुसरीकडे काहीच नाही, असं थोडंच असतं? आमच्या गावठी राणीचे मागचे पाय अकराव्या वर्षी असेच गेले. सगळे म्हणाले वय. एका तरुण डॉक्टरांनी प्लेटलेट मोजायला लावल्या, त्या फारच कमी निघाल्या. गोचीड ताप होता, एर्लिकिया. त्यात सांधे सुजतात, कुत्रं उठेनासं होतं. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस दिलं आणि राणी पुढे दोन वर्षं पायांनी फिरली. तेव्हा 'म्हातारी झाली' म्हणून सोडली असती तर?

अंगणवेल, ते 'रक्त ठीक' म्हणजे नेमकं काय तपासलं होतं, ते आधी बघा.

सह्याद्रीचा_वारा:
एवढं कशाला? आमच्याकडे माणसांची दुखण्याची गोळी अर्धी करून भाकरीत घालून देतात. कुत्रं संध्याकाळी चालायला लागतं.

मृदुला_प:
कृपा करून असं लिहू नका, कुणीतरी वाचून देईल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्या शेजाऱ्यांनी नकळत दिली होती. चौथ्या दिवशी शी डांबरासारखी काळी झाली, आठवड्यात कुत्रं गेलं.

सह्याद्रीचा_वारा:
हे माहीत नव्हतं. गावात सर्रास देतात. मी घरी सांगतो.

निवृत्त_पशुधन:
पशुसंवर्धन खात्यात तीस वर्षं काढली, म्हणून थोडं लिहितो. डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे. ती गिधाडं वाचवण्यासाठी आणली, पण कुत्र्यालाही ते घातकच.

आता बंड्या. नाशिककर, तुमच्या शेफर्डला बहुधा मज्जारज्जूचा झिजत जाणारा आजार असावा. त्या जातीत तो बराच दिसतो, आणि त्यात पाय जातात पण सहसा दुखत नाही. बंड्या कण्हतोय, म्हणून त्याची गोष्ट वेगळी. कमरेच्या शेवटच्या मणक्यापाशी नसा दबल्या असतील, तर शेपूट वर उचलल्यावर किंवा तिथे दाबल्यावर कळ येते. दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट थोडे थोडे फाटले असले तरी कुत्रं असंच मागे लुळं दिसतं, आणि पुष्कळदा ते मणक्याच्या नावावर खपतं. गुडघे कुणी हाताने हलवून पाहिले का?

ताई, घरी एक करून बघा. त्याला आधार देऊन उभं करा आणि मागचा पंजा हळूच उलटा करून जमिनीवर टेकवा. नस शाबूत असेल तर तो लगेच सरळ करेल. तसाच उलटा ठेवून उभा राहिला तर भानगड नसांची. मधल्या बोटांची नखं वरून घासलीत का, तेही पाहा. आणि भुंकण्याचा आवाज घोगरा झालाय का? म्हाताऱ्या लॅब्रॅडोरमध्ये कंठाचा लकवा आणि मागच्या पायांचा अशक्तपणा पुष्कळदा जोडीने येतात.

अंगणवेल:
काका, आत्ताच केलं. डावा पंजा लगेच सरळ केला. उजवा तसाच राहिला, मी मनात पाच मोजेपर्यंत. मग हळूच फिरवला. उजवीकडची मधली दोन नखं इतकी घासलीत की टोकंच नाहीत. रोज त्याला कुरवाळते, पण हे कधी दिसलं नव्हतं. आवाज मात्र पूर्वीसारखाच दणदणीत आहे. गुडघे कुणी हलवून पाहिले नाहीत. रिपोर्टमध्ये प्लेटलेटचा आकडाच नाही.

नाशिककर:
काका, तुम्ही म्हणता तसंच असेल, आमचा कण्हत नव्हता खरा. पण माझा मूळ प्रश्न उरतोच. नसा दबल्यात असं धरलं, तरी ३६ किलोच्या, तेराव्या वर्षाच्या कुत्र्याच्या मणक्याला तुम्ही हात लावाल?

निवृत्त_पशुधन:
कदाचित नाही लावणार. पण कारण कळलं की औषध बदलतं. सांध्याचं दुखणं असेल तर सूज उतरवणारी गोळी, नसेचं असेल तर गॅबापेंटिन. दोन आठवडे योग्य औषध देऊन कुत्रं चालायला लागलं, तर तीही एक तपासणीच झाली. मात्र आधी यकृत-मूत्रपिंडाचं रक्त तपासा, आणि स्टेरॉइड चालू असेल तर ही सूज उतरवणारी गोळी त्याच्यासोबत चुकूनही नको, पोटात रक्तस्राव होतो. एमआरआय त्यानंतरचा. अचानक काही तासांत पाय गेले, लघवी अडली किंवा पाय गार पडले, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी गाठा.

दूरदेशी:
मी इंग्लंडात राहते. इथे आम्ही आमच्या लॅब्रॅडोरला डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन वेळेत निरोप दिला. तो वेदनेत असताना महिनोन्महिने कारण शोधत बसणं मला क्रूर वाटतं.

अंगणवेल:
ताई, वेळ आली तर मी मागे हटणार नाही. पण बंड्या आजही पोळीचा डबा उघडल्याचा आवाज ऐकून शेपूट आपटतो. कारण माहीत नसताना त्याला निरोप द्यायला माझं मन धजत नाही.

दूरदेशी:
शेपूट तर आमचाही शेवटच्या दिवशी हलवत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा, चांगला दिवस की वाईट. आपलं मन आपल्याला फसवतं.

अंगणवेल:
हे करते. सोमवारी प्लेटलेट आणि गोचीड तापाची तपासणी, त्याच डॉक्टरांकडून गुडघे पाहून घेणार. मग दोन आठवडे औषध. एमआरआयचं त्यानंतर ठरवू. सासऱ्यांना काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी उठून माझी जुनी सुती साडी आणली. घडी करून पोटाखालून घेतली, दोन्ही टोकं हातात धरली, आणि बंड्याला उचलून अंगणापर्यंत नेलं. बंड्या पहिल्यांदाच न घसरता लघवीला उभा राहिला.

नाशिककर:
एमआरआयला माझा विरोध कायम आहे. पण साडीची युक्ती आम्हाला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. फरशीवर काय टाकलंय?

अंगणवेल:
सध्या योगा मॅट, कापून चिकटपट्टीने जोडल्यात. दारापाशी मात्र उचकटतात. रबराची जाड पट्टी कुठे मिळेल? पंज्यांमधले केस आजच कापले.

मृदुला_प:
फर्निशिंगच्या दुकानात मीटरवर मिळते. मागून रबर आहे ना, ते बघून घ्या. त्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सलग टाका, मधे टाइल उघडी ठेवू नका.