नसेत शिरलंय म्हणजे शेवटची स्टेज? नाही हो
एकांनी विचारलंय की त्यांच्या काकांच्या लाळग्रंथीच्या रिपोर्टात 'पेरिन्यूरल इन्व्हेजन' (गाठ नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, आवरणात शिरणं) आलंय, म्हणजे शेवटची स्टेज का? तसं नाही हो. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमात (लाळग्रंथीच्या कॅन्सरचा एक प्रकार) तर हे फार वेळा दिसतं. त्या गाठीचा स्वभावच तो, नसेच्या आवरणाला धरून सरपटत जायचं.

खरा प्रश्न, नस कुठली? सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली बारीक फांदी वेगळी आणि पॅरोटिड म्हणजे कानापुढच्या लाळग्रंथीतून जाणारी चेहऱ्याची मुख्य नस वेगळी. ती मुख्य नस धरली गेली की टी४ए, म्हणजे गाठ किती पसरली या वर्गवारीतली बरीच पुढची पायरी. माझ्या मामींचं चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळायचं, डोळा पुरता मिटायचा नाही. आम्ही आपले महिनाभर वारं गेलं म्हणून शेकत बसलो! ऑपरेशनआधीच चेहरा असा वाकडा होणं हे मात्र चांगलं लक्षण नाही.

काकांच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: मार्जिन (गाठीभोवती काढलेला निरोगी भाग) किती मिलिमीटर सुटलंय, आणि रेडिएशन नसेच्या वाटेने कवटीच्या तळापर्यंत देणार का. गाठ अ‍ॅडेनॉइड सिस्टिकच असेल तर ५ वर्षं नीट गेली म्हणून फॉलोअप सोडू नका. हा आजार १० वर्षांनीही फुप्फुसात डोकं वर काढतो.