‘यलोफेस’ वाचून पडलेला प्रश्न: दुसऱ्याची गोष्ट सांगण्याचा हक्क येतो कुठून?

सावलीतली_ओळ

(कथानक आधी कळलेले ज्यांना चालत नाही, त्यांनी कृपया पुढे वाचू नये.)

मी न्यू जर्सीत राहते. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक वाचकगट आहे आणि या महिन्यात आम्ही आर. एफ. क्वांग यांची २०२३ साली आलेली ‘यलोफेस’ ही कादंबरी वाचत आहोत. जून हेवर्ड ही यश न मिळालेली गोरी लेखिका कथा सांगते. तिची मैत्रीण अथीना लिऊ चिनी वंशाची आणि कमालीची यशस्वी आहे. एका रात्री जूनच्या डोळ्यांदेखत घास घशात अडकून अथीनाचा मृत्यू होतो आणि जून तिचे टाइपरायटरवर लिहिलेले, कोणालाच ठाऊक नसलेले हस्तलिखित पिशवीत घालून घरी आणते. पहिल्या महायुद्धात युरोपात नेलेल्या चिनी मजुरांवरची ती कादंबरी जून स्वतःची म्हणून छापते. प्रकाशनसंस्था तिला ‘जुनिपर साँग’ या नावाने पुढे आणते. साँग हे तिचे खरेच मधले नाव आहे, परंतु ऐकणाऱ्याला ते चिनी आडनाव वाटावे अशीच ती योजना असते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी की, निम्मे पुस्तक होईपर्यंत जून पकडली जाऊ नये असे मला मनापासून वाटत होते आणि हे लक्षात आल्यावर मी अस्वस्थ झाले. इतर कोणाला असा अनुभव आला का?

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. पहिल्या बैठकीत चर्चा ‘हे लिहिण्याचा हक्क कोणाचा’ इथे आली, तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी पुस्तक मांडीवर मिटले, माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या की आशियाई वाचक म्हणून तुम्हीच आम्हाला सांगा. खोलीतील अकराही जण माझ्याकडे पाहू लागले. मी वाईची आहे. चीनविषयी मला जेवढे ठाऊक आहे तेवढेच त्यांनाही ठाऊक असणार. तरीही मी काहीतरी बोलले आणि सगळ्यांनी ते टिपून घेतले. जे मी बोलले त्याचा हक्क मला कुठून मिळाला, हा प्रश्न घेऊन मी घरी आले. पुढील बैठकीपूर्वी आपली मते वाचायला मिळाली तर मदत होईल.

काना_मात्रा

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि मला वाटते की तेच या कादंबरीचे मोठे यश आहे. जून स्वतःला चोर म्हणत नाही. ती म्हणते की मी परिच्छेद जोडले, अर्धवट वाक्ये पुरी केली, रात्ररात्र जागले, आणि हे सारे खरेच असते. मी बावीस वर्षे मुद्रितशोधन आणि संपादनसाहाय्य करते आहे. दुसऱ्याच्या मजकुरावर पुष्कळ काम केले की तो मजकूर आपला वाटू लागतो, हे मी अंगावर अनुभवले आहे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती संपादनाची प्रकरणे. तेथे गोऱ्या पात्रांचा क्रूरपणा सौम्य केला जातो आणि वाचकाला अवघड जाईल ते गाळले जाते. या प्रत्येक बदलामागे कोणाचाही दुष्ट हेतू दिसत नाही, ‘वाचकाला सोपे जावे’ एवढेच कारण असते. कॅन्डिस ही कनिष्ठ सहायक संपादिका चिनी वंशाच्या कोणाकडून तरी मजकूर एकदा तपासून घ्यावा असे सुचवते, तेव्हा जूनला तो अपमान वाटतो आणि शेवटी किंमत कॅन्डिसलाच मोजावी लागते. ज्या हार्परकॉलिन्सने अमेरिकेत हे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच संस्थेचे संघटित कर्मचारी नोव्हेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ संपावर होते. त्यांच्या मागण्यांमध्ये वेतनाबरोबरच कर्मचारीवर्गातील वैविध्याचाही मुद्दा होता. कॅन्डिसचे पात्र किती खऱ्या जागेवर उभे आहे, हे त्यावरून समजते.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनाकडून माझ्याकडे एका ग्रामीण लेखिकेचे आत्मकथन आले होते. तिने सर्वत्र ‘भाकर’ लिहिले होते आणि मी नेमाने प्रत्येक ठिकाणी लाल शाईने वेलांटी देऊन ‘भाकरी’ करत गेले. दुसरी मुद्रिते पाहून तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ती एवढेच म्हणाली, “बाई, माझी आई भाकर थापायची. भाकरी तुमच्या घरी असेल.” मी सगळ्या दुरुस्त्या परत फिरवल्या, परंतु अशी किती पुस्तके माझ्या हातून गेली असतील जिथे फोन आला नाही, याचा विचार ‘यलोफेस’ वाचताना पुन्हा डोके वर काढून बसला.

उभा_छेद

काना_मात्रा यांचा अनुभव वाचून हलून गेलो, तरीही या कादंबरीविषयी माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो.

सांस्कृतिक बळकावणीचा, म्हणजे दुसऱ्या समाजाचे अनुभव आपलेसे करून वापरण्याचा, प्रश्न अवघड आहे, कारण त्यात बहुतेक वेळा चोरी नसते. एखादा लेखक प्रामाणिकपणे अभ्यास करतो, स्वतःची वाक्ये स्वतः लिहितो, आणि तरीही ज्यांचे दुःख त्याने लिहिले त्यांना ते आपल्याकडून काढून घेतल्यासारखे वाटते. क्वांग यांनी मात्र जूनला सरळसरळ हस्तलिखित चोरायला लावले आहे. त्यामुळे वाचकाला पळवाट मिळते. वाङ्मयचौर्य वाईट यावर कोणाचे दुमत असणार? खरा प्रश्न मग त्या चोरीच्या मागे दडून राहतो. जूनने अथीनाचा एकही शब्द न उचलता, पाच वर्षे ग्रंथालयात बसून त्याच मजुरांवर कादंबरी लिहिली असती तर आपण काय म्हटले असते? समाजमाध्यमांवरील भांडणांची प्रकरणे तर मला फारच लांबलेली वाटली. जे रोज पाहतो तेच कादंबरीत जसेच्या तसे आले की उपहासाची धार जाते.

प्रत्यक्षात घडलेले २०१५ चे प्रकरण मला या कादंबरीपेक्षा जास्त विचार करायला लावते. मायकेल डेरिक हडसन या गोऱ्या कवीने ‘यी-फेन चाऊ’ या चिनी नावाने कविता पाठवली आणि ती त्या वर्षीच्या ‘बेस्ट अमेरिकन पोएट्री’ या संग्रहात निवडली गेली. स्वतःच्या नावाने तीच कविता ४० वेळा नाकारली गेली होती, असे त्याने उघडपणे लिहिले. संपादक शर्मन अलेक्सी यांनी खुलासा झाल्यावरही ती कविता संग्रहात ठेवली आणि नाव पाहून आपण ती अधिक लक्षपूर्वक वाचली होती हे मान्य केले. येथे शब्द चोरलेले नव्हते, चोरले होते ते नाव. कादंबरीतील प्रकाशनसंस्था जूनच्या बाबतीत हेच संमतीने करते, म्हणून माझ्या मते त्या पुस्तकाचा खरा कणा हस्तलिखिताची चोरी हा नसून लेखिका म्हणून जूनचे नाव आणि नवे छायाचित्र ठरवण्याचा प्रसंग हा आहे.

उलट्या बाजूने हाच विषय पर्सिव्हल एव्हरेट यांनी २००१ च्या ‘इरेजर’ या कादंबरीत घेतला होता. तेथे कृष्णवर्णीय लेखकाकडून बाजाराला ‘कृष्णवर्णीय’ वाटेल असेच लेखन हवे असते. सावलीतली_ओळ, आपल्या वाचकगटात आपल्याकडून जे मागितले गेले ते याच्याच अगदी जवळचे आहे. आपल्याला मत विचारलेच नाही, प्रतिनिधित्व मागितले.

नदीकाठ

चोरीमुळे प्रश्न सोपा होतो, हे उभा_छेद यांचे म्हणणे मला अर्धेच पटते, कारण त्यांनी अथीनाला बाजूला ठेवले आहे. जून आणि अथीना येल विद्यापीठात शिकत असताना जूनच्या वाट्याला एक अत्यंत वाईट लैंगिक अनुभव येतो, ती रडत तो अथीनाला सांगते, आणि काही दिवसांनी अथीनाची कथा छापून येते ज्यात जूनचे शब्द आणि जूनची वेदना असते. कायद्याच्या भाषेत अथीनाने काहीच चोरलेले नाही. उभा_छेद ज्याची मागणी करतात तो अवघड प्रश्न कादंबरीत आहे, फक्त तो खलनायिकेच्या तोंडून येतो आणि म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवायला कचरतो. हे जाणीवपूर्वक केले आहे असे माझे ठाम मत आहे. क्वांग स्वतः चीनमध्ये जन्मून लहानपणीच अमेरिकेत आलेल्या, येलशी जोडलेल्या आणि तरुण वयात नावाजलेल्या लेखिका आहेत. अथीना घडवताना त्यांनी स्वतःसारख्या लेखिकेलाही सोडलेले नाही.

आता मला खरोखर जे सांगायचे आहे ते. या सगळ्या वादात ते मजूर कुठे आहेत? ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून सुमारे १,४०,००० चिनी मजूर भरती केले होते. त्यांनी खंदक खणले, जहाजांवरील माल उतरवला, रस्ते आणि लोहमार्ग दुरुस्त केले, आणि युद्ध संपल्यावर न फुटलेले तोफगोळे उचलण्याचे व प्रेते पुरण्याचे कामही त्यांच्याकडून करून घेतले. उत्तर फ्रान्समध्ये नोयेल-स्युर-मेर येथे त्यांची स्मशानभूमी आहे. ८०० हून अधिक पांढरे दगड ओळीने उभे आहेत. त्यांवर चिनी अक्षरे, मजुराचा क्रमांक आणि एक ठरावीक इंग्रजी वाक्य कोरलेले आहे. अशी मोजकीच वाक्ये सगळ्यांना आलटून पालटून वाटली आहेत. मरणानंतर स्वतःचे असे एक वाक्यही ज्यांच्या वाट्याला आले नाही, त्यांची कथा कोणाच्या मालकीची यावर कादंबरीत दोन उच्चशिक्षित स्त्रियांचे भांडण चालते आणि दोघींपैकी एकीचेही मन त्यांच्यापाशी फार वेळ थांबत नाही. १९१७ मध्ये आपल्याकडूनही नागा, लुशाई, संथाळ अशा समाजांतील हजारो माणसे मजूर म्हणून फ्रान्सला नेली होती. मी हे पुस्तक वाचेपर्यंत त्यांचा शोध कधी घेतला नव्हता.

सावलीतली_ओळ

आपणा तिघांचेही मनापासून आभार. ‘प्रतिनिधित्व मागितले’ हे शब्द मी वहीत लिहून ठेवले आहेत, कारण त्या दिवशी छातीत जे दाटून आले होते त्याला माझ्याकडे नाव नव्हते.

काल सूत्रसंचालक बाईंना मी पत्र लिहिले. त्या माणूस म्हणून फार चांगल्या आहेत, म्हणून राग न धरता एवढेच लिहिले की मागील बैठकीत मी चिनी मजुरांविषयी जे बोलले ते माझ्या माहितीतले नव्हते, कृपया टिपणातून ते काढावे, आणि यापुढे मला वाचक म्हणून विचारावे. त्यांचे उत्तर तासाभरात आले. त्यांनी क्षमा मागितली आणि पुढील बैठकीत सुरुवात कुठून करावी असे मलाच विचारले.

मी कॅन्डिसचा प्रसंग मोठ्याने वाचून दाखवणार आहे आणि त्याआधी नोयेलच्या त्या दगडांचे छायाचित्र टेबलावर ठेवणार आहे. काना_मात्रा, आपली हरकत नसेल तर भाकरीची गोष्टही तेथे सांगेन, परंतु ती आपली आणि त्या लेखिकेची आहे, म्हणून आधी विचारते. बैठक गुरुवारी संध्याकाळी आहे.

काना_मात्रा

माझ्या बाजूने अवश्य सांगा. तिच्या बाजूचे मी ठरवू शकत नाही. तिचा क्रमांक माझ्याकडे आहे, आज रात्री फोन करून विचारते आणि उद्या येथे कळवते.