मदत हवी आहे: मधल्या कानाचा संसर्ग शरीर स्वतःच कसा निपटतं?

रानजाई:
मुलगी अडीच वर्षांची आहे. सर्दी झाली की पाठोपाठ कान धरून रडायला लागते. या खेपेला कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहिलं. एकाच कानाचा पडदा लाल, किंचित फुगलेला, ताप जेमतेम. त्यांनी वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिलं आणि म्हणाले, "दोन दिवस थांबू, बहुतेक तिचं शरीरच निपटेल. नाहीच निपटलं तर अँटिबायोटिक आहेच."

घरात यावरून दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, औषध द्यायचं नव्हतं तर फी कसली घेतली? मला डॉक्टरांबद्दल शंका नाही, पण "शरीर निपटेल" म्हणजे आत कोण काय करतं, हे कुणी नीट सांगेल का? लहान मुलांत प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) पुरेशी तयार होत नाहीत असं वाचलं. मग लढतंय कोण?

आणखी एक. मागच्या वेळी दुखणं थांबलं, ताप गेला, तरी पडद्यामागे पाणी दिसतंय असं ते म्हणाले होते. संसर्ग गेला तर पाणी कसलं?

सुहासकाका:
आमच्याकडे लसूण घालून कडवलेलं तेल कोमट करून दोन थेंब सोडायचे. सगळी भावंडं त्यावरच मोठी झालो. करून पाहा.

सूक्ष्मदर्शी:
काका, राग मानू नका, पण हे नको. पडदा शाबूत असेल तर तेल बाहेरच राहतं, दुखणं पडद्याच्या पलीकडे असतं. आणि पडदा फुटलेला असेल तर तेल आत जाऊन भलतंच होईल.

रानजाई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. उपचार तुमच्या डॉक्टरांवरच सोडते, आत काय चालतं तेवढं सांगते.

पडद्यामागची पोकळी एका नळीने नाकाच्या मागच्या बाजूला उघडते, ती युस्टेशियन नळी. नाकातले जंतू याच वाटेने वर येतात. मुख्य तीन: न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि मोरॅक्सेला. एरवी ते बऱ्याच मुलांच्या नाकात मुकाट राहत असतात. मोठ्यांत ही नळी लांब आणि तिरकी असते, बाळांत आखूड आणि जवळजवळ आडवी. त्यामुळे वर चढणं जंतूंना सोपं जातं.

पहिला बचाव म्हणजे सफाई. नळीच्या आणि पोकळीच्या खालच्या भागाच्या अस्तरावर सूक्ष्म रोम असतात. ते सतत हलत राहून चिकट स्रावाचा थर नाकाकडे ढकलतात, अडकलेल्या जंतूंसकट. गिळताना टाळूचा एक स्नायू नळी क्षणभर उघडतो. टाळू दुभंगलेल्या बाळांत हाच स्नायू नीट काम करत नाही, म्हणून त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना कानाचा त्रास होतो. एवढ्यावरून या सफाईचं मोल कळावं.

गंमत म्हणजे सगळ्या पोकळीला रोम नसतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ साली उंदरांत दाखवलं की मधल्या कानाचं अस्तर दोन वेगळ्या भ्रूणपेशींपासून बनतं. घशाकडच्या अस्तरापासून आलेल्या भागाला रोम असतात, वरच्या भागाला नसतात. त्या भागातली घाण आपोआप निघत नाही.

दुसरा बचाव स्रावातच विरघळलेला असतो. लायसोझाइम जिवाणूंची भिंत फोडतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ साली जगासमोर मांडलं, पेनिसिलिनच्या आधी सहा वर्षं, आणि त्यांना ते मिळालं होतं नाकातल्या शेंबडात! (शेंबडाला आपण फारच कमी लेखतो.) सोबत लॅक्टोफेरिन जिवाणूंना लागणारं लोह पळवतं आणि डिफेन्सिन त्यांच्या आवरणाला भोकं पाडतात. ज्या उंदरांत लायसोझाइमचं एक जनुक काढून टाकलं, त्यांना न्यूमोकोकसमुळे कानाचा त्रास जास्त झाला.

हे दोन्ही पार करून जंतू अस्तराला चिकटला की अलार्म वाजतो. अस्तराच्या पेशींवर टोल-सारखे ग्राही (टीएलआर) असतात, म्हणजे जंतूंच्या खुणा ओळखणारी प्रथिनं. टीएलआर-४ हिमोफिलस आणि मोरॅक्सेलाच्या बाह्य आवरणातला एक घटक ओळखतो, टीएलआर-२ न्यूमोकोकसच्या पृष्ठभागावरची प्रथिनं. त्यांचा निरोप आत पोचवणारं प्रथिन म्हणजे मायडी-८८. ते नसलेल्या उंदरांत हिमोफिलसचा संसर्ग काही आठवडे रेंगाळला, साध्या उंदरांत तो काही दिवसांत मिटतो. निरोप पोचला की काही तासांत रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात, जिवाणू गिळतात. पू म्हणजे बहुतांशी याच मेलेल्या पेशी. पूरक प्रथिनं जिवाणूंवर खुणा ठेवतात, म्हणजे गिळणाऱ्यांना ते सापडतात.

या सगळ्याला आधीच्या ओळखीची गरज नाही, जन्मापासून तयार असतं. प्रतिपिंडं नंतर येतात. आईकडून आलेली पहिल्या सहा महिन्यांत ओसरतात, आणि न्यूमोकोकसच्या शर्करेच्या आवरणाविरुद्ध मूल स्वतःहून चांगली प्रतिपिंडं दोन वर्षांच्या पुढेच बनवू लागतं. म्हणून सहा महिने ते दोन वर्षं हा कानदुखीचा हंगाम. तुमची मुलगी त्यातून बाहेर पडतेय.

रानजाई:
मनापासून आभार ताई. मग सर्दीनंतरच का होतं? आणि ते पाणी?

सूक्ष्मदर्शी:
सर्दीचा विषाणू दोन गोष्टी करतो. अस्तराला सूज आणून नळी बंद करतो, आणि रोमांना इजा करतो. सफाई थांबली की मागून जिवाणू येतात. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर रोमांवर तोच घाला रोज होतो.

पाण्याचं उत्तर थोडं उलटं आहे. ते पुष्कळसं बचावाचंच उरलेलं आहे. अलार्म वाजला की अस्तर जास्त स्राव बनवतं, त्यात एमयूसी-५बी नावाचं मोठं चिकट प्रथिन असतं. ते उगाच नाही. ते नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत आणि मधल्या कानात जिवाणू साचतात. पण जास्त झालं की तोच स्राव घट्ट होतो. शिवाय न्यूट्रोफिल मरताना स्वतःचा डीएनए बाहेर टाकून जाळं विणतात. त्यात जिवाणू अडकतात खरे, पण काही त्याचाच आडोसा घेऊन चिवट थर करून राहतात. असे थर, पाणी काढायला पडद्यात बारीक नळ्या बसवायची वेळ आलेल्या मुलांच्या कानांत २००६ साली थेट पाहिले गेले. हिमोफिलस तर आपल्याच शरीरातलं सायॅलिक आम्ल अंगावर चढवून पूरक प्रथिनांना चकवतो. त्यामुळे जंतू गेले तरी घट्ट पाणी नळीवाटे बाहेर पडायला बहुतेक मुलांना काही आठवडे लागतात.

कोकणकडा:
न्यूमोकोकसची लस घेतली की हे सगळं टळतं ना? आमच्याकडे पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्र लस) पण झालंय.

सूक्ष्मदर्शी:
टळत नाही, कमी होतं. न्यूमोकोकसची लस, म्हणजे पीसीव्ही, २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आहे, सहा आणि चौदा आठवड्यांना आणि नऊ महिन्यांना. पेंटाव्हॅलेंटमधली हिब लस 'बी' प्रकारच्या हिमोफिलसवर आहे. कानातला हिमोफिलस बहुतेक वेळा आवरण नसलेला असतो, त्यावर ती चालत नाही.

कानाडोळा:
मी कान-नाक-घसा बघतो. सूक्ष्मदर्शी यांनी यंत्रणा छान सांगितली. दोन वर्षांच्या पुढच्या, फार ताप नसलेल्या, एकाच कानाच्या दुखण्यात थांबणं हा मान्य मार्ग आहे. अभ्यासांत पहिल्या २४ तासांत साधारण ६० टक्के मुलांचं दुखणं अँटिबायोटिक असो-नसो ओसरलंय. मात्र ते अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत, आणि थांबायचं ते लगेच दाखवता येणार असेल तरच.

४८ ते ७२ तासांत उतार नसेल, ताप ३९ अंश सेल्सिअसवर गेला, पू वाहायला लागला, तर थांबू नका. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तोंड एका बाजूला वाकडं झालं, मान ताठली, मूल फार गुंगीत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालयात जा. आणि पाणी तीन महिन्यांनंतरही असेल तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. या वयात बोलणं शिकायचं असतं, पाण्यामुळे ऐकू कमी येतं. मुलीला आडवं ठेवून बाटली पाजत असाल तर बंद करा.

रानजाई:
रात्री झोपताना बाटली असतेच, तीही आडवीच. आजपासून बंद. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय. त्याचा पहिला प्रश्न: उंदरांना कानदुखी झालीय हे ओळखतात कसं?